साठ बाय ऐंशी

सोळा वर्षं मी ह्या गल्लीला गज विकले,
किलोच्या भावाने.
हनोईतली आमची घरं अशी :
साडेतीन मीटर रुंद, पाच मजले उंच,
तिन्ही बाजूंनी शेजाऱ्यांच्या भिंती,
पुढे एकच दार, आणि दारात रात्रभर
सात स्कूटर चार्जिंगला लावलेल्या,
एकमेकींच्या कुशीत शिरून.

वरच्या गॅलऱ्यांना पिंजरे मीच केले.
चोर छपरावरून येतो, लोक म्हणायचे.
मी म्हणायचो, माझ्या गजांतून मांजरसुद्धा जायचं नाही.
एकदा एक मांजर खरंच अडकलं.
मी हसलो होतो.

नऊ नंबरात आग तळमजल्याला लागली.
पण जिना म्हणजे उभं धुराडंच.
धूर आधी चौथ्यावर पोचला, मग माणसं उठली.
खालून फक्त हात दिसत होते, गज धरलेले.
वेल्डिंगचा टाका ओळखता येतो,
आपलं अक्षर ओळखावं तसा.
मी वर पाहिलं नाही.
दिएपने घण आणून पलीकडची भिंत फोडली,
तेव्हा विटा उचलायला मी होतो.
एवढंच सांगता येतं.

आता कटर घेऊन दारोदार फिरतो.
साठ सेंटीमीटर बाय ऐंशी :
खांदे तिरके केले की माणूस निघतो.
बिजागऱ्या, आतून कडी.
कुलूप हवंच असेल तर किल्ली तिथेच, खिळ्याला,
पोराच्या हाताला येईल इतकी खाली.

न्यानआजी म्हणाली, मग चोराच्याही येईल.
येईल, मी म्हणालो.
तिने बराच वेळ गार चहा ढवळला.
मग म्हणाली, काप.
कापून झाल्यावर पदराबिदराचा विचार न करता
(तिच्याकडे पदर कुठला, फुलाफुलांचा पायजमा)
एक्क्याऐंशी वर्षांची बाई भोकात शिरली
आणि कमरेशी अडकली.
आम्ही दोघं ओढत होतो, दोघंही हसत होतो.
सत्तर कर रे, ती म्हणाली,
मरताना लाज नको.

तिच्या वर भाड्याने राहणारी थुक
डोळे बांधून पलंगापासून चालते.
अकरा पावलं. सातव्याला बादली लागते.
बादली तिथेच असते दर वेळी,
दर वेळी ती शिव्या घालते, आणि हलवत नाही.
काल मी ती उचलून थेट खाली नेली.
देव्हाऱ्यात पूर्वजांपुढे उदबत्ती,
उदबत्तीखाली फोनचा चार्जर,
चार्जरखाली परीक्षेचे कागद.
पूर्वज बघत असतात. बोलत नाहीत.

बारा नंबरवाल्याने मला दारातूनच परतवलं.
आमच्याकडे तीन लाखांचा टीव्ही आहे, तो म्हणाला.
मी त्याच्या गजांवर बोट फिरवलं.
टाका माझाच होता, सरळ, सुरेख.
त्या वर्षी मी फार चांगलं काम करायचो.

माझं घर शेवटी राहिलं.
आमच्या पिंजऱ्यात मोर आहे,
लग्नाच्या वर्षी हुएनसाठी वाकवलेला,
पिसाऱ्यात एकवीस डोळे.
मोर वाचवून नाही का कापता येणार, तिने विचारलं.
मी टेप लावून पाहिली. तीनदा.
पोटातूनच जावं लागत होतं.

ठिणग्या खाली पडल्या तेव्हा
पोरगा पाण्याची बादली धरून उभा होता,
सांगितलं होतं तसा, वाऱ्याच्या बाजूला.
तुकडा निघाला. मी हात बाहेर काढला.
मग डोकं. मग खांदे, तिरके.
समोरच्या छपरावर एक मांजर बसलं होतं.
बघत राहिलं.

कपडे वाळत घालायला बरी जागा झाली,
हुएन म्हणाली, आणि दोरी घेऊन आली.

नको, मी म्हणालो.
इथे काहीच ठेवायचं नाही.